नेट शेलीची माफी: एका ऑडिओ भागाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

पुढच्या ऑडिओ भागाचा विषय पक्का झाला. ‘टेड लासो’ मालिकेतला नेथन शेली, सगळ्यांचा नेट. विश्वासातल्या माणसाने घात केला, मग तो परत आला आणि त्याला परत घेतलं गेलं, एवढीच गोष्ट. ती पटते का, पटली तर कोणत्या क्षणामुळे, नाही पटली तर कुठे अडते, हे साधारण ४० मिनिटांत मांडायचं आहे. लेखन आणि आवाज माझा, एडिट ताई करणार.

मालिका न पाहिलेल्यांसाठी सुरुवातीला थोडी ओळख लागेल, ती आजच लिहून टाकली. टेड लासो हे पात्र आधी २०१३ मध्ये एनबीसी स्पोर्ट्सच्या प्रीमियर लीगच्या जाहिरातीत आलं होतं: फुटबॉलचा गंध नसलेला अमेरिकन कोच लंडनमध्ये येऊन पडतो. जेसन सुडेकिसच टेड होता. त्यावरून पुढे मालिका झाली. १४ ऑगस्ट २०२० ला ती अ‍ॅपल टीव्ही प्लसवर सुरू झाली, ३१ मे २०२३ ला तिसरा सीझन संपला, तोवर सगळे मिळून ३४ भाग. रिचमंड हा क्लब काल्पनिक. मालकीण रिबेका वेल्टनला तो घटस्फोटात मिळालाय. आधीच्या नवऱ्याचा, रूपर्टचा, जीव या क्लबात अडकलेला, म्हणून क्लब बुडावा याच हेतूने ती नवखा कोच आणते. आणि या क्लबात खेळाडूंचे कपडे, बूट, टॉवेल सांभाळणारा किटमन म्हणजे नेट.

ऑफसाइड वगैरे समजावत बसायचं नाही. या गोष्टीला त्याची गरजच नाही.

९ जानेवारी

पहिला सीझन पुन्हा पाहिला, या वेळी फक्त नेटवर नजर ठेवून.

टेड त्याला नाव विचारतो तेव्हा नेट गांगरतो. त्याला नाव कोणी विचारलेलंच नसतं. खेळाडू त्याची टर उडवतात, ढकलतात, आणि तो हसून घेतो. ते हसणं निक मोहम्मदने इतकं बारीक केलंय की मी तोच तुकडा मागे घेऊन घेऊन पाहिला. ओठ हसतात आणि डोळे दार शोधत असतात.

सातव्या भागातला प्रसंग आपल्या भागाचा पाया होऊ शकतो. एव्हर्टनविरुद्ध सामना आहे, त्यांच्या मैदानावर रिचमंड ६० वर्षांत जिंकलेलं नाही. सामन्याआधी बोलायचं काम टेड नेटवर सोपवतो. आणि हा अबोल माणूस एकेका खेळाडूसमोर उभा राहून त्याची उणीव नेमकी काढून दाखवतो. वय झालेला खेळाडू रॉय केंट, त्याला तर सरळ सांगतो की तू म्हातारा झालास, मंद झालास, पण तुझा राग ही तुझी ताकद होती आणि तो राग तू मैदानावर आणत नाहीस. सगळे थरारतात, जिंकतात.

नोंद करून ठेवते: माणसाचं दुखरं ठिकाण बिनचूक ओळखणं हीच नेटची प्रतिभा आहे. या दिवशी ती संघाच्या कामी आली. पुढे तीच दुसऱ्यांवर चालते. म्हणजे दुसऱ्या सीझनमध्ये नेट ‘बदलला’ असं बरेच जण म्हणतात ते मला पटत नाही. हत्यार पहिल्यापासून त्याच्याकडे होतं. आधी हात बांधलेले होते, पद मिळाल्यावर ते सुटले.

नवव्या भागातला आणखी एक प्रसंग. रिबेका टेडपुढे येऊन सगळं कबूल करते, तुला मी क्लब बुडवायला आणलं. टेड ऐकून घेतो आणि तिला माफ करतो, तिथल्या तिथे. या माणसाची माफी किती झटकन येते हे श्रोत्याला आधी कळलं पाहिजे, तर पुढे नेटच्या बाबतीत ती कुठे कमी पडते ते कळेल.

१३ जानेवारी

दुसरा सीझन. नेट आता सहायक कोच. त्याच्या जागी विल नावाचा नवा किटमन आलाय, साधा, हसरा पोरगा.

आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी नेटला ‘टेस्ट ऑफ अथेन्स’ या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल हवं असतं. तिथली होस्टेस जेड त्याला दाद देत नाही. रिबेका आणि क्लबची प्रसिद्धी सांभाळणारी कीली त्याला ठामपणे बोलायचा धडा देतात: आत शिरण्याआधी अंग फुगवायचं, आपण मोठे आहोत असं स्वतःला पटवायचं. त्या संध्याकाळी तो वॉशरूममध्ये जातो, आरशासमोर उभा राहतो आणि आरशातल्या स्वतःवर थुंकतो. मग बाहेर येऊन टेबल मिळवतो. रिबेकाने स्वतःला मोठं करायला शिकवलं होतं. नेटला मोठं होण्याचा एकच रस्ता ठाऊक आहे, आधी स्वतःचा तिरस्कार करायचा. इथे माझ्या मते सबंध सीझन आला.

यापुढची त्याची कृत्यं क्रमाने लिहून काढली, कारण प्रेक्षकांच्या लक्षात शेवटचं तेवढं राहतं. टॉटेनहॅमविरुद्धच्या एफए कपच्या सामन्यात टेडला पॅनिक अटॅक येतो, तो मैदान सोडतो, नेट सूत्रं हातात घेतो आणि संघ जिंकतो. कौतुक डोक्यात जातं. रात्रंदिवस फोनवर स्वतःचं नाव शोधत बसतो. कॉलिन या खेळाडूला सगळ्यांदेखत हिणवतो, की तू हॉटेलच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा आहेस. टेडचा जुना सहायक कोच बिअर्ड कान उपटतो तेव्हा कॉलिनची जाहीर माफी मागतो आणि लगेच, कोणी नसताना, विलला धरतो. नेट ‘वुंडरकिंड’ऐवजी चुकून ‘वंडर किड’ म्हणाला होता, म्हणून ते लिहिलेली जर्सी हा चेष्टेचा मामला, पण नेट त्या पोराला दरडावतो की पुन्हा माझा अपमान केलास तर तुझं जगणं मुश्कील करून टाकीन.

पुढे कीलीला तिच्या मनात नसताना चुंबन घेणं, टेडच्या पॅनिक अटॅकची बातमी पत्रकार ट्रेंट क्रिमकडे फोडणं, टेडशी तोंडावर भांडणं, आणि ड्रेसिंग रूममधली, टेडने लावलेली ‘बिलीव्ह’ची पिवळी पाटी फाडून जाणं. सीझन संपतो तेव्हा तो वेस्ट हॅमचा कोच झालेला असतो आणि वेस्ट हॅमचा मालक असतो रूपर्ट. केसही भागागणिक पांढरे होत गेलेले.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्रेंटफर्डविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्यात डावपेच नेटचा असतो. मध्यंतरात रिचमंड पिछाडीवर, नेट टेडवर नको नको ते बोलून झालेला, तरी टेड खेळाडूंना विचारून तोच डावपेच चालू ठेवतो. सामना २-२ बरोबरीत सुटतो आणि क्लब वरच्या लीगमध्ये परततो. नेट म्हणत असतो की तू मला टाकलंस, आणि त्याच तासाला टेड त्याच्याच डोक्यावर विसंबून सबंध हंगाम पणाला लावतो. नेटला हे दिसत नाही. तसंच त्या फोटोचं. मी ख्रिसमसला दिलेला आपला फोटो तुझ्या ऑफिसात नाही, ही त्याची तक्रार. तो फोटो टेडच्या घरी आहे, मुलाच्या फोटोशेजारी.

१७ जानेवारी

ताईंनी दुसरा सीझन संपवला. आज संहितेचा पहिला आराखडा वाचून दाखवला, तो टेड आणि नेट यांच्याभोवती होता. गुरू, शिष्य, दुरावा, मिठी.

ताई ऐकून म्हणाल्या, “अगं, टेडने माफ केलं ते ठीकच आहे. पण टेडचं बिघडलं काय? त्याचं नाव झालं, लोक त्याच्यावर प्रेम करतात. त्या टॉवेल धुणाऱ्या पोराचं काय? त्याला कोणी विचारलं?”

मी म्हटलं, “ताई, तुम्ही तिसरा सीझन बघा, तिथे विल येतो.”

“येतो गं. पण तुझ्या कागदावर कुठे आलाय?”

त्यांचं बरोबर आहे. आराखडा उलटा करते. नेटने सगळ्यात मोठा घाव टेडला घातला हे खरं, पण वर बसलेल्या माणसाला माफ करणं त्यामानाने परवडतं. त्याच्याकडे देण्यासारखं पुष्कळ असतं. विलकडे काहीच नव्हतं. नेटने ज्या जागी वर्षानुवर्षं मार खाल्ला त्याच जागी हा पोरगा उभा होता आणि नेटने त्याला तेच दिलं. हा हिशेब चुकता झाला का, हा आपल्या भागाचा प्रश्न. टेड दुसऱ्या क्रमांकावर.

२१ जानेवारी

तिसऱ्या सीझनचा पहिला अर्धा. वेस्ट हॅममध्ये नेट सराव चुकणाऱ्यांना वेगळ्या रेषेवर उभं करतो, त्या रेषेला ‘मूर्खांची रेषा’ अशा अर्थाचं नाव दिलेलं. पत्रकार परिषदेत टेडची खिल्ली उडवतो. उत्तरादाखल टेड त्याच्या पत्रकार परिषदेत स्वतःवरच विनोद करतो आणि नेटचं कौतुक. रूपर्ट त्याला गाडी देतो, मला नावाने हाक मार म्हणतो. पहिल्या सीझनमध्ये टेडने त्याचं नाव विचारलं होतं. इथे मालक आपलं नाव वापरायची परवानगी देतो. दोन्हीमधला फरक भागात नुसता शेजारी ठेवायचा, त्यावर भाष्य नको.

चौथ्या भागात रिचमंड आणि वेस्ट हॅम समोरासमोर येतात. रॉय (तो आता रिचमंडच्या कोचांपैकी एक) आणि बिअर्ड मध्यंतरात खेळाडूंना नेट पाटी फाडतानाचं सीसीटीव्हीचं चित्रण दाखवतात. पोरं पेटतात, आडदांड खेळतात, लाल कार्डं घेतात आणि ४-१ ने हरतात. सूड माणसाला किती वाईट खेळायला लावतो हे इथे निकालातून कळतं, कोणाला बोलावं लागत नाही.

आता मालिकेची खरी कमजोरी. रूपर्ट एका रात्री नेटला बाहेर नेतो, तिथे त्याने बायका बोलावून ठेवलेल्या असतात. नेट निघून जेडकडे जातो, हॉटेलातली ती होस्टेस आता त्याची मैत्रीण आहे. पुढच्या भागात कळतं की त्याने वेस्ट हॅम सोडलं. सोडतानाचा प्रसंग नाही! रूपर्टसमोर तो काय बोलला, आवाज कापला का, काहीच नाही. दोन सीझन आपण ज्याच्या पडण्याचं एकेक पाऊल पाहिलं त्याचं पहिलं उठणं पडद्यामागे उरकून टाकलं. पडताना कॅमेरा त्याच्या नाकासमोर होता. मला याचा मनापासून राग येतो आणि भागात तो लपवायचा नाही. ज्यांना नेटचं परतणं पटलं नाही त्यांच्यातले बरेच जण इथेच तुटले असणार.

२५ जानेवारी

आज फक्त वडील-मुलाचा प्रसंग. नेट हरून आई-वडिलांच्या घरी आलेला, आपल्या जुन्या खोलीत. रात्री तो व्हायोलिन वाजवतो आणि वडील दारात येतात. आजवर त्यांनी त्याला कधी पुरेसं म्हटलेलं नसतं. आज ते सांगतात की तू विलक्षण हुशार होतास आणि तुला कसं वाढवावं हे मला कळलं नाही. तू यशस्वी हो असं माझं म्हणणं नव्हतं, तू सुखी हो.

प्रसंग सुंदर आहे, पण संहितेत याला मोजकीच जागा देते. कारण यातून नेट असा का झाला ते कळतं, आणि ‘का’ कळलं की आपण माफीच्या अर्ध्या वाटेवर आपोआप पोचतो. विलच्या दृष्टीने वडील कसे होते याने काय फरक पडतो? त्याच्यावर ओरडणारा माणूस तोच होता. ताईंनाही हे पटलं.

याच सुमारास नेट रिचमंडमध्ये गुपचूप शिरतो आणि विलसाठी माफीची चिठ्ठी ठेवून जातो. टेडकडे जायच्या आधी विलकडे. हे लेखकांनी जाणून केलंय असं मी धरून चालते, आणि भागात यावर थांबायचं.

२९ जानेवारी

अकरावा भाग. नेट आता ‘टेस्ट ऑफ अथेन्स’मध्ये वेटर. खिडकीच्या टेबलासाठी ज्या जागी स्वतःवर थुंकला होता तिथेच आता ताटं उचलतोय, आणि त्याचा चेहरा गेल्या दोन सीझनपेक्षा शांत आहे. तिथे तीन जण येतात: कर्णधार आयझॅक, कॉलिन आणि विल. संघाला तू परत हवा आहेस.

ज्याला भिंतीवरचं चित्र म्हटलं तो कॉलिन. ज्याला धमकावलं तो विल. तिघांतले दोघे थेट त्याने दुखावलेले. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मालिकेकडे आहे, फक्त ते इतक्या हलक्या हाताने दिलंय की मिठीच्या गोंगाटात ऐकू येत नाही. तरी एक खटकतंच. हे दोघे या निर्णयाला कसे पोचले, त्यांच्यात आधी काय बोलणं झालं, विल एका रात्री उठून ‘मला नाही जमणार’ म्हणाला का, हे आपण पाहत नाही. माफ करणाऱ्याचं काम प्रेक्षकाला दाखवलं असतं तर हा सीझन फार वरचा झाला असता.

मग बिअर्ड येतो. तो नेटवर सगळ्यात जास्त चिडलेला, आणि टेडशी याच विषयावर त्याचं वाजलेलंही. तो आपली गोष्ट सांगतो. ड्रग्जपायी तुरुंगात गेला, बाहेर आला तेव्हा टेडने घरात आसरा दिला, आणि याने टेडचीच गाडी चोरली. पोलिसांनी धरल्यावर टेडने सांगितलं की गाडी चोरलेली नाही, मी दिली होती. एवढं सांगून बिअर्ड नेटला डोक्याने एक टोला हाणतो आणि मिठी मारतो. तो टोला मला फार आवडतो. राग गेलेला नाही, पण दार उघडलंय, दोन्ही एकाच वेळी.

याच भागात टेड जेमी टार्ट या खेळाडूला त्याच्या छळवादी बापाबद्दल सांगतो की माफ कर, त्याच्यासाठी नको, स्वतःसाठी. टेडच्या स्वतःच्या वडिलांनी आत्महत्या केली तेव्हा तो १६ वर्षांचा होता, आणि त्याचा राग टेडने किती वर्षं आत दाबून ठेवला होता हे आपण दुसऱ्या सीझनमध्ये संघाची मानसतज्ज्ञ डॉक्टर शेरन हिच्या निमित्ताने पाहिलंय. त्यामुळे हे वाक्य उपदेश वाटत नाही. जेमीला मात्र वेगळा भाग द्यावा लागेल, इथे एका परिच्छेदावर थांबते.

३ फेब्रुवारी

शेवटचा भाग आज ताईंसोबत पाहिला. नेट परत येतो तो कोच म्हणून नाही. तो किटमनच्या हाताखालचा मदतनीस होऊन येतो आणि त्याचा वरिष्ठ असतो विल.

माझ्या लेखी संपूर्ण मालिकेतला हा सगळ्यात न्यायाचा निर्णय. शब्दांनी माफी मागून झाली होती, रडूनही झालं होतं. पण ज्याच्या डोक्यावर पाय दिला त्याच्या हाताखाली रोज सकाळी हजर राहायचं, त्याने सांगितलेले टॉवेल घडी करायचे, यात फसवाफसवी चालत नाही. आपल्या जुन्या कामाला कमीपणाचं काम समजून नेट वर गेला होता. आता तेच काम तो मन लावून करतो. आणि विल? विल त्याला छळत नाही. सत्ता हातात आल्यावर नेट जसा वागला तसं वागायची पूर्ण मुभा विलला होती. ती त्याने वापरली नाही. मला तर वाटतं, मालिकेतली सगळ्यात मोठी माफी हीच, आणि तिच्यासाठी एकही भाषण लिहिलेलं नाही.

टेडसमोर नेट माफी मागताना कोसळतो आणि टेड त्याला मिठीत घेतो. ताईंचे डोळे भरले. मला म्हणाल्या, “आता रडायला हरकत नाही, आधी विलचं झालंय.”

हे वाक्य भागात घ्यायचं, त्यांच्याच आवाजात. तयार नव्हत्या, पण झाल्या.

९ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग. मालिकेतल्या क्लिप वापरायच्या नाहीत हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे आरसा, पाटी, जर्सी हे तिन्ही प्रसंग शब्दांत उभे करावे लागले. आरशाचा प्रसंग हळू वाचला तर नाटकी होतो, भराभर वाचला की अंगावर येतो. दुसरा टेक ठेवला. विलला दरडावतानाचा संवाद आवाज न चढवता वाचला. मूळ प्रसंगातही नेटचा आवाज खाली जातो, आणि भीती त्याचीच वाटते.

दुपारनंतर बाहेर लग्नाची वरात आली म्हणून काम थांबवलं. बिअर्डचा तुकडा रात्री घेतला.

१४ फेब्रुवारी

ताईंनी पहिलं एडिट दिलं, ४७ मिनिटं झालीत. कापायला बसलो. एमी पुरस्कारांचा परिच्छेद काढला. मालिकेला २०२१ आणि २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा पुरस्कार मिळाला, निक मोहम्मदला दोन्ही वर्षी नामांकन होतं, ही माहिती वर्णनाच्या मजकुरात टाकू. तिसऱ्या सीझनवरचा माझा राग ताईंना लांबलेला वाटत होता. मी तो अर्धा केला, राजीनाम्याचा न दाखवलेला प्रसंग मात्र जसाच्या तसा ठेवला. त्यावर ताईंचं म्हणणं असं की न दाखवल्यामुळे नेट कोणासमोर शौर्य मिरवत नाही, गुपचूप सोडतो, आणि हेच त्याच्या बदलाला शोभतं. मला पटलेलं नाही. पण बाजू सबळ आहे, म्हणून भागात त्यांनीच ती मांडली आणि मी पुढे उत्तर न देता सोडून दिली.

क्रम आता असा: नाव विचारणं, एव्हर्टन, आरसा, विल, पाटी, रूपर्ट, मग चिठ्ठी, हॉटेलात आलेले तिघे, बिअर्ड, किटरूम. टेडची मिठी किटरूमच्या नंतर, दीड मिनिट. लांबी ४१ मिनिटांवर आली. आवाजाची पातळी एकदा तपासून ताई रविवारी फाइल पाठवतील. जेमी आणि त्याच्या वडिलांवरच्या भागासाठी नवी वही काढली आहे, त्यासाठी पहिल्या सीझनपासून पुन्हा पाहायला घेते.